नदीचं आत्मवृत्त आणि बालाघाटाचा चिखल

मराठीत नदीवर सर्वांत जास्त वेळा लिहिला गेलेला मजकूर कुठला? मला विचाराल तर ती कविता नाही, कादंबरीही नाही. तो शाळेतला निबंध आहे : ‘नदीचे आत्मवृत्त’. सहावी ते दहावीच्या मधे कधीतरी तुम्हीही तो लिहिला असणार. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी तो लिहिला, बाईंनी तपासला, गाईडमधून तो पुढच्या वर्गाकडे गेला. एवढे लेखक आणि एवढे वाचक मराठीतल्या दुसऱ्या कुठल्याही नदी-साहित्याला मिळालेले नसतील. साहित्यप्रकार म्हणून मात्र त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही. मी धाराशिव जिल्ह्यातला आहे, आणि या निबंधाशी माझं जुनं भांडण आहे. ते आज मांडतो.

निबंधाचा साचा पक्का आहे. ‘मी नदी बोलतेय’ अशी सुरुवात. जन्म उंच डोंगराच्या कुशीत. बालपण अवखळ, खळखळ, उड्या मारत. मग मैदान, तारुण्य, काठावरची हिरवी शेतं, घाट, देवळं. मधे एक परिच्छेद तक्रारीचा : माणसांनी मला घाण केलं. शेवटी सागराला मिळणं. नीट बघितलं तर हे नदीचं चरित्र नाहीच, मुलीचं आहे. डोंगर म्हणजे माहेर, समुद्र म्हणजे सासर, आणि मधलं सगळं आयुष्य दुसऱ्यांना देण्यात गेलेलं. आत्मवृत्त म्हणायचं, पण त्यात आत्म कुठेच नाही.

या साच्यात चार गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. नदीचा उगम उंचावर आणि ठळक असतो. ती वर्षभर वाहते. ती सलग, एक असते. आणि तिचा शेवट समुद्रात होतो. आमच्याकडच्या नद्यांना यातली एकही अट धड पुरी करता येत नाही. म्हणजे धाराशिवच्या शाळेतलं पोर जेव्हा हा निबंध लिहितं, तेव्हा ते स्वतःच्या गावच्या नदीबद्दल खोटं लिहायला शिकतं. त्याला त्याचे दहापैकी आठ गुणही मिळतात. माझं भांडण इथं आहे. भाषा एखाद्या मुलाला त्याचंच गाव लिहू देत नसेल, तर तो दोष मुलाचा नाही, साच्याचा आहे.

शिखर नसलेला डोंगर

आधी डोंगर बघू. बालाघाटाची रांग पश्चिमेला हरिश्चंद्रगडाच्या बाजूनं सह्याद्रीतून फुटते आणि अहिल्यानगर, बीड करत आग्नेयेला आमच्या जिल्ह्यात उतरते. तिच्या नावातच गंमत आहे. फारसीत ‘बाला’ म्हणजे वरचा. बालाघाट म्हणजे घाटाच्या वरचा मुलूख, आणि पायनघाट म्हणजे खालचा. दख्खनच्या जुन्या कारभारात ही जोडी सर्रास वापरात होती. हे नाव कुठल्या शिखराचं नाही, कुठल्या देवाचं किंवा ऋषीचंही नाही. ते एक ठिकाण सांगतं : तू खाली आहेस, मी वर आहे.

डोंगरही तसाच आहे. सोलापूरकडून तुळजापूरला येताना घाट लागतो, गाडी वळणं घेत वर चढते, आणि वर पोचल्यावर तुम्ही वाट बघता की आता पलीकडे उतार लागेल. तो लागत नाही. वर सपाट माळ पसरलेला असतो. बालाघाटाला एकाच बाजूनं डोंगरपण आहे. दुसऱ्या बाजूनं तो नुसतं शेत आहे.

पण या माळावर एक रेषा आहे, डोळ्यांना न दिसणारी. पाऊस पडला की त्या रेषेच्या एका अंगाचं पाणी तेरणेकडे धरतं. तेरणा उगम पावते तेरखेड्याजवळ, वाशी तालुक्यात. ढोकी, तेर करत ती पुढे मांजरेला मिळते. मांजरा बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातून याच बालाघाटावरून निघालेली, ती शेवटी गोदावरीत जाते. रेषेच्या दुसऱ्या अंगाचं पाणी मात्र बोरीत उतरतं, नळदुर्गावरून अक्कलकोटकडे आणि मग भीमेत, म्हणजे कृष्णेच्या घरात. एका बांधाच्या अलीकडे-पलीकडे पडलेले दोन थेंब इथं कायमचे वेगळे होतात.

जगात अशा जागांचा केवढा थाट असतो! स्वित्झर्लंडमध्ये पिझ लुंघिन नावाचा आल्प्समधला एक डोंगर आहे. त्याच्या खिंडीपाशी पाणी तीन वाटांनी जातं : एक ऱ्हाइनमधून उत्तर समुद्राला, एक इन आणि डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला, एक पो नदीतून एड्रियाटिकला. तीन समुद्रांचं वाटप एका खिंडीत. त्या खिंडीची उंची २६४५ मीटर. जवळच तळं, वर बर्फ. तिथं जाऊन उभं राहिलं की माणसाला आपोआप काहीतरी भव्य वाटत असणार. आल्प्सचा उगम हा मुळातच फोटोजोगा आहे. आपल्या निबंधातला ‘उंच डोंगराच्या कुशीत माझा जन्म झाला’ हा डोंगरही बहुतेक असाच कुठला तरी बर्फाळ, कॅलेंडरवरचा डोंगर आहे.

तेरखेड्याचं नाव घेतलं तर लोकांना आठवतात फटाके. राज्यभर माल जातो तिथून. तेरणेचा उगम कुणाला आठवत नाही. त्यात लोकांची चूक तरी काय? उगम म्हणजे काही एक जागा नाहीच. चार ओघळी, दोन वघळी, एका शेतातलं लवण, कुठला तरी पाझर तलाव, हे सगळं मिळून खाली कुठेतरी नदी होते. गोमुख नाही, कुंड नाही, आणि नेमकं बोट ठेवायला जागा नाही.

तुळजापूरची तहान

जुन्या माणसांना ही अडचण कळली होती, असं मला वाटतं. तुळजापूर बालाघाटाच्या काठावर वसलेलं आहे. या डोंगराचं देवीच्या परंपरेतलं नाव यमुनाचल. भवानीच्या देवळात उतरताना आधी कल्लोळ तीर्थ लागतं, आणि गोमुख तीर्थ. कल्लोळाची कथा अशी सांगतात, की सगळी तीर्थं इथं एकदम धावून आली, त्यांच्या येण्याचा जो कल्लोळ झाला त्यावरून हे नाव पडलं.

माहात्म्यांच्या या पद्धतीकडे आपण दोनच नजरांनी बघतो. एक तर हात जोडतो, नाहीतर हसतो. मला ती वाचायचीय. यमुना इथून शेकडो कोसांवर आहे, तरी डोंगराला तिचं नाव. नदी एकही नाही, तरी सगळ्या तीर्थांचं संमेलन. जिथं पाणी थांबत नाही, वरून पडतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं, अशा माथ्यावरच्या माणसांनी ही कथा रचली आहे. निघून जाणाऱ्या पाण्याला उलट फिरवून माथ्यावर बोलावणारी ही कल्पना आहे. तहानेचं इतकं नेमकं वर्णन मला आधुनिक मराठीत क्वचित सापडलं.

पण या कथेची किंमतही मोजावी लागते. सगळ्या मोठ्या नद्या इथं आल्या म्हटल्यावर इथल्या लहान नद्यांना नाव उरत नाही. झरा बालाघाटाचा, पण मान गंगेचा. आपल्या बोरीला, तेरणेला माहात्म्य मिळायचं राहून गेलं ते कदाचित यामुळेच. पुढे शाळेच्या निबंधानं तेच केलं. फरक एवढाच, की माहात्म्य निदान तहान लपवत नव्हतं.

आज ही कथा खरी झाली आहे, आणि ती विनोदी नाही. धाराशिव शहर पाणी पितं ते उजनीचं, म्हणजे भीमेवरच्या धरणातलं, पाइपातून घाट चढवून आणलेलं. २०१६च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेही मिरजेहून, कृष्णेच्या खोऱ्यातून. त्या गाडीला ‘जलदूत’ नाव दिलं होतं. मांजरेच्या काठचं शहर कृष्णेचं पाणी प्यायलं. तिकडे मांजरेचं पाणी तेलंगणात सिंगूरला अडून वर्षानुवर्षं हैदराबादच्या नळाला गेलं. आता सांगा, ‘शेवटी मी सागराला मिळते’ हे वाक्य या नदीनं कुठल्या तोंडानं लिहायचं? तिचा शेवट नळात आहे. आणि तिच्या माहेरी नळाला पाणी दुसऱ्याच नदीचं आहे.

तीस सेकंदांची नदी

निबंधाचा वारस आज तुमच्या हातातच आहे. पावसाळ्यात नळदुर्गचा धबधबा सुरू झाला की फोन त्याच्याच रील्सनी भरून जातो. वरून ड्रोन, दोन पांढऱ्या धारा, मागे चालू असलेलं कुठलं तरी गाणं. धारांची नावं नर आणि मादी. मी रीलला नावं ठेवणार नाही. मीही ती बघतो, पुढे पाठवतो. पण तिचं व्याकरण बघण्यासारखं आहे. रीलमधली नदी धरण भरून सांडायला लागल्यावर सुरू होते आणि तीस सेकंदांत संपते. निबंधात बोरीला निदान बालपण तरी मिळालं असतं. रीलमध्ये ती थेट उडी मारूनच जन्माला येते.

गंमत अशी, की नळदुर्गचा पाणीमहाल स्वतःच पाणी बघण्याची एक रीत आहे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३च्या सुमारास, नळदुर्गचा किल्ला आणि समोरचा रणमंडळ यांच्या मधे बोरीवर बंधारा घातला गेला. बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटात दालन ठेवलं. सांडव्याचं पाणी डोक्यावरून जातं, समोर पडद्यासारखं कोसळतं, आणि आत बसलेला माणूस कोरडा राहून ते बघतो. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीची चौकटच ती.

पण या चौकटीत आणि फोनच्या चौकटीत एक फरक आहे. पाणीमहालातल्या माणसाला पाठीमागची भिंत विसरता येत नाही. तिच्या पलीकडे साठलेलं पाणी आहे, हे त्याला ओल सांगते, गारवा सांगतो. समोरचं सौंदर्य मागच्या साठ्यावर उभं आहे. तो साठा शत्रूला रोखायला होता, गडाला पाणी पाजायला होता, आणि सांडला तर बघायला होता. सौंदर्य तिसऱ्या नंबरावर. ज्यानं ही जागा आखली, त्याला बोरीची सवय माहीत होती : ही नदी वर्षातले थोडेच दिवस बोलते, बाकीचे दिवस तिला धरून ठेवावं लागतं. रीलला हे सांगता येत नाही, कारण साठ्याचा व्हिडिओ कुणी बघत नाही.

ढव्ह

भास्कर चंदनशिव हे कळंब तालुक्यातल्या हासेगावचे. त्यांच्या एका कथासंग्रहाचं नाव आहे ‘जांभळढव्ह’. पुण्या-मुंबईचा वाचक या नावापाशी अडखळतो. ढव्ह म्हणजे डोह. नदीचं वाहणं थांबलं तरी जिथं पाणी टिकून राहतं ती खोल जागा. आमच्या नद्या फेब्रुवारी-मार्चनंतर सलग राहत नाहीत. उरतात ते ढव्ह, मधे वाळू, आणि वाळूत खांदलेले झिरे. गुरं कुठं पाणी पितात, धुणं कुठं होतं, पोरं पोहायला कुठं शिकतात, हे सगळं या तुकड्यांवर ठरतं. प्रत्येक तुकड्याला नाव असतं, बहुधा एखाद्या झाडाचं, खडकाचं, नाहीतर तिथं बुडालेल्या माणसाचं.

या एका शब्दात निबंधाच्या नदीला दिलेलं उत्तर आहे. नदी म्हणजे वाहणारी रेषा असं धरलं, तर उन्हाळ्यातली तेरणा ‘आटलेली’ असते. नदी म्हणजे ढव्हांची माळ असं धरलं, तर ती तेव्हाही आहे, फक्त मण्यांमधलं अंतर वाढलंय. प्रमाण मराठीला ‘आटली’ एवढाच शब्द सुचतो. बोलीला आटण्याच्या पायऱ्या माहीत असतात. बोलीभाषेतल्या लेखनाचं कौतुक करताना आपण ‘मातीचा गंध’ वगैरे म्हणून मोकळे होतो. मला वाटतं, बोली गंधासाठी नसते, ती माहितीसाठी असते. ‘ढव्ह’ हा शब्द गेला की त्याच्यासोबत एका नदीचं वेळापत्रक जातं.

चिखलाच्या दोन गोष्टी

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. बालाघाटाच्या साहित्यात पाणी कुठं आहे, असं शोधायला गेलं तर नदी फारशी हाती लागत नाही. लागतो तो चिखल. हे कमीपणाचं मुळीच नाही. जिथं पाणी नुसतं वाहून जातं तिथं माणसाच्या वाट्याला ते मातीत मिसळूनच येतं.

तेरणेकाठचं तेर घ्या. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या प्रवासग्रंथात ‘तगर’ म्हणून त्याचा उल्लेख आहे : पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, जिथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं. त्या तगरचं आज काय उरलंय? त्रिविक्रमाचं देऊळ, जे मुळात विटांत बांधलेलं चापाकार बौद्ध चैत्यगृह होतं. आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंच्या संग्रहालयातल्या मातीच्या मूर्ती, भांडी, दिवे. विटा, मूर्ती, मडकी. म्हणजे तेरणेचं पाणी आणि काठची माती, भाजून टिकवलेली. या गावचा संत कुंभार असावा, यात नवल काही नाही.

गोरोबाकाकांची कथा तुम्हाला माहीत आहे. महिपतींच्या ‘भक्तविजया’नं ती घरोघर नेली, कीर्तनांनी आणि कॅलेंडरांनी पुढे चालवली. गोरोबा चिखल तुडवत असतात, मन विठ्ठलात. रांगतं मूल चिखलात येतं, पायाखाली जातं, त्यांना कळतही नाही. मूल पुढे देव परत देतो. या कथेचा अर्थ आपण एकच लावत आलो : भक्तीची तल्लीनता. तो अर्थ चूक नाही. पण सांगणारे कथा सुरू करतात तिथं एक वाक्य असतं, जे आपण ओलांडून पुढे जातो. गोरोबांची बायको संती मुलाला त्यांच्यावर सोपवून गेलेली असते. कुठं? पाणी आणायला.

ते वाक्य बाजूला काढून बघा. बाई पाण्याला गेली नसती, तर मूल चिखलाजवळ आलं नसतं. कथेत पाणी दोन ठिकाणी आहे : एक गोरोबांच्या पायाखाली, धंद्यासाठी मातीत कालवलेलं, आणि एक संतीच्या डोक्यावर, घरासाठी आणलेलं. या दोन पाण्यांच्या मधल्या मोकळ्या वेळात मूल जातं. कथेचा चमत्कार देवाचा आहे, पण तिची यंत्रणा पाण्याची आहे. घागर घेऊन रोज चालणाऱ्या बायकांनी ही कथा शतकानुशतकं ऐकली. त्यांना हे वाक्य साधं वाटलं नसणार. मागे लेकरू सोडून पाण्याला जाताना पोटात जो गोळा येतो, तो या कथेनं बरोबर ओळखलेला आहे.

आता दुसरी गोष्ट. चंदनशिवांची ‘लाल चिखल’. शाळेच्या पुस्तकातून ती कित्येकांना भेटली. टोमॅटोचं पीक, बाजाराचा दिवस, पडलेला भाव, ओरडून ओरडून घसा बसला तरी माल उठत नाही, आणि शेवटी बाप आपलाच माल पायांनी तुडवायला लागतो. शाळकरी पोर हे सगळं बघतंय. शेतमालाच्या भावाची कथा म्हणून ती वाचली जाते, आणि ती तशी आहेच. पण तेरपासून फार लांब नसलेल्या कळंब तालुक्यातल्या लेखकानं ती लिहिली आहे, आणि तिच्या मध्यभागी एक बाप चिखल तुडवतोय. मला ती गोरोबांच्या कथेशेजारी ठेवल्याशिवाय वाचता येत नाही.

शेजारी ठेवल्या की दोन्ही कथा उजळतात. गोरोबांना पायाखाली काय आहे ते दिसत नाही. या बापाला ते पुरतं दिसतंय, म्हणूनच तो तुडवतो. तिथं चिखलातून मडकं होणार होतं. इथं तयार झालेल्या मालाचा परत चिखल झालाय, प्रक्रिया उलटी फिरलीय. तिथं देव येतो आणि हिशेब पुरा करतो. इथं कुणी येत नाही, बाजार उठतो. आणि सगळ्यात मोठा फरक मुलाचा. गोरोबांच्या कथेतलं मूल पायाखाली आहे, त्याला वाचा नाही. चंदनशिवांच्या कथेतलं मूल बाजूला उभं राहून बघतंय, त्याच्याच नजरेतून आपल्याला ही कथा मिळते. सहा-सातशे वर्षांत या भागातल्या साहित्यात काय घडलं, ते एवढ्यात सांगता येतं : तुडवलेलं मूल उठून साक्षीदार झालं.

टोमॅटोत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, हेही इथं विसरू नये. बालाघाटाच्या उतारावर कुणीतरी विहिरीतून उपसून, पाळी धरून, रात्रीच्या लायटीची वाट बघून दिलेलं पाणी. बापानं तुडवलं ते फळ होतं तेवढंच पाणी होतं. या मुलखात पाण्याची अशी नासाडी करायला माणूस किती तुटलेला असावा लागतो, हे ज्यानं झिऱ्यातून वाटीनं पाणी भरलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही.

भेगांचा फोटो

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. चिखल, तहान, घागर हे सगळं म्हणजे मराठवाड्याचा पुन्हा तोच दुष्काळी पोवाडा नाही का? बाहेरच्या वाचकाला आमच्याकडून हेच हवं असतं. मासिकाच्या मुखपृष्ठावर भेगाळलेली जमीन, त्यावर उकिडवा बसलेला म्हातारा. या फोटोचाही एक निबंध झालेला आहे.

म्हणून तो फोटोही नीट बघू. काळी माती दर उन्हाळ्यात भेगाळते. चांगला पाऊस झालेल्या वर्षीही. ती ओल धरून फुगते आणि वाळली की आकसते. त्या भेगांतून वरची माती आत पडते, रान आपोआप उलथतं, शेतकरी त्याला वाईट मानत नाही. आणि फोटोतल्या त्या सुबक पापुद्र्यांच्या भेगा बहुधा तलावाच्या तळातल्या असतात. म्हणजे तिथं पाणी होतं, गाळ होता, तो सुकलाय. भेग ही चिखलाचीच पुढची अवस्था आहे. ज्या जमिनीवर पाणी कधी थांबलंच नाही, तो मुरमाड माळ भेगाळत नाही, आणि त्याचा फोटोही कुणी काढत नाही. खरी टंचाई फोटोत येत नाही ती अशी. दुष्काळाचं चित्र म्हणून आपण जे फिरवतो, ते साठवणुकीचं चित्र असतं.

चिखलाच्या कथा या फोटोहून वेगळ्या आहेत, कारण त्यांत माणूस नुसता बसलेला नाही. तो तुडवतोय, घडवतोय, विकतोय, मोडतोय. आणि चिखल आमच्यावर उलटलाही आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात, तेरणेच्या खोऱ्यात, हजारो माणसं गेली ती बरीचशी स्वतःच्या घरांखाली. दगडांच्या जाड भिंती मातीच्या चिखलात रचलेल्या, वर माळवदाचा जड थर. उन्हाळ्यात गार ठेवणारं, पिढ्यांनी घडवलेलं घर एका पहाटे अंगावर आलं. त्यानंतर या पट्ट्यातली कित्येक गावं जुन्या जागेवरून हलली, सिमेंटची घरं आली. नदी, माती आणि घर यांचा जुना करार त्या पहाटे मोडला. तो मोडल्यावरचं जगणं मराठी कथा-कादंबरीत जेवढं यायला हवं होतं तेवढं आलेलं नाही, असं माझं मत आहे.

मग लिहायचं कसं?

मोठ्या नदीवर चांगलं लिहिता येतं, हे मनोज बोरगावकरांच्या ‘नदिष्ट’नं अलीकडेच दाखवलं. नांदेडच्या गोदावरीत पोहणारा निवेदक नदीला आई म्हणून मोकळा होत नाही. काठावरची माणसं, ज्यांना गावात जागा नाही अशी, त्याला नदीमुळे भेटतात. कादंबरीचा जोर तिथं आहे. लहान नदीवर काका कालेलकरांनी लिहिलं, बेळगावकडच्या मार्कंडीवर. तिला त्यांनी सखी म्हटलं. माता न म्हणता सखी म्हटल्यावर नदीची उंची कमी होते आणि ती जवळ येते. या दोन वाटा आपल्याकडे आहेत. बालाघाटाला मात्र तिसरी वाट लागेल, कारण आमची नदी काठावर जाऊन भेटत नाही. ती घागरीत, टँकरमध्ये, टोमॅटोत, विटेत भेटते.

जानेवारी २०२०मध्ये ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात झालं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. संमेलननगरीला नाव दिलं होतं संत गोरा कुंभार यांचं. अभिमानाची गोष्ट होती, आणि आहे. पण गोरोबांचं नाव कमानीवर लावणं सोपं आहे. त्यांच्या कथेतल्या चिखलाला पाणी कुठून येतं, हे विचारणं अवघड आहे. समीक्षेचं काम दुसरं आहे, असं मला वाटतं.

शाळांना एकच सुचवावंसं वाटतं. ‘नदीचे आत्मवृत्त’ हा विषय काढून टाकू नका, पण नदीचं नाव टाका. ‘तेरणेचे आत्मवृत्त’ म्हणा, ‘बोरीचे’ म्हणा, मुलाच्या गावच्या ओढ्याचं म्हणा. मग ‘उंच डोंगराच्या कुशीत’ हे वाक्य आपोआप गळून पडेल. मुलाला घरी विचारावं लागेल की आपल्या ओढ्याला पाणी कधीपासून कधीपर्यंत असतं, ढव्ह कुठला होता, तो कुणी बुजवला, नळाचं पाणी कुठल्या खोऱ्यातून येतं. उत्तरं बहुतेक आज्जीकडे असतील. निबंध कदाचित बेंगरूळ होईल, पण खरा होईल.

आणि मोठ्यांनी, लेखकांनी, गोरोबांच्या कथेतलं ते ओलांडलेलं वाक्य परत उघडावं. संती पाणी घेऊन घरी आली तेव्हा तिला काय दिसलं, हे आपण शतकानुशतकं ऐकत आलोय. ती किती लांब गेली होती, कुठल्या ढव्हावर वाकली होती, वाटेत तिच्या मनात काय होतं, हे अजून कुणी लिहिलेलं मला भेटलेलं नाही. बालाघाटाची नदी तिथून सुरू होते.